दादाजींच्या हाताची सायकल सफर

दादाजींनी पहिल्यांदा माझा हात हातात घेतला तेव्हा आदिलाबादचं अख्खं कापूस मार्केट थांबलं. हे मी वाढवून सांगत नाही, उलट थोडं कमीच करून सांगतो आहे. बैलांनी रवंथ सोडलं. काट्यावर चढवायला उचललेलं पोतं हमालांच्या हातात अधांतरी राहिलं. चहावाल्याने किटली वर धरली ती वरच राहिली, आणि तिच्यातून निघालेली धार कपात न पडता मध्येच उभी राहून काय चाललंय ते बघायला लागली. त्या वेळी स्टेशनात शिरणाऱ्या गाडीने म्हणे सिग्नल हिरवा असून ब्रेक लावला. आणि या सगळ्याच्या मधोमध एक सडपातळ, धोतरातला माणूस डोळे मिटून माझा तळवा चोळत होता. आधी अंगठ्याने, मग तर्जनीने, मग दोघांच्या चिमटीत, जणू माझ्या हाडांतून सरकी वेगळी काढायची आहे.

मी गेलो होतो राजकुमार शेठच्या अडतीवर, गादीसाठी पाच किलो चांगला कापूस मिळेल का एवढं विचारायला. शेठ म्हणाला, "ये हमारे दादाजी," आणि मी माणुसकीला धरून हात पुढे केला. तो पुढची सात मिनिटं मला परत मिळाला नाही. तेवढ्यात माझे कानामागचे दोन केस पिकले. शेवटी दादाजींनी डोळे उघडले, हात सोडला आणि निकाल जाहीर केला.

"साडेतेरा."

साडेतेरा काय? उरलेली वर्षं?

"बारावर या, मंग बोलू," दादाजी म्हणाले. "सध्या लय ओले हाय तुमी."

चहाची धार कपात पडली आणि मार्केट पुन्हा सुरू झालं.

आकडा ओलाव्याचा होता. आमच्या मार्केटात कापसातल्या पाण्याला शेतकरी ओल म्हणतो, शेठ नमी म्हणतो आणि तेलुगू बाबू तेमा म्हणतात; भांडतात तिघं एकाच गोष्टीवरून. बारा टक्क्यांच्या आत असेल तर तो कापूस, वर गेला तर ती नुसती कटकट. गाडी परत न्या, वाळवा, पुन्हा रांगेत या. आणि दादाजी चौतीस वर्षं राजकुमार शेठच्या अडतीवर फक्त हा आकडा सांगायचे. बाही वर करायची, उजवा हात कोपरापर्यंत गाडीतल्या कापसात घालायचा, डोळे मिटायचे, सांगायचं. शेतकरी त्या हाताकडे असे बघायचे, जसं पोराचा बाप दहावीच्या निकालाकडे बघतो. 'दादाजीनं बारा म्हटलं' असं एकदा कानावर आलं की पुढे कुणी तोंड उघडायचं नाही. शेठही नाही.

अशा हाताची बडदास्त तशीच असायची. दादाजी उजव्या हाताने गरम ग्लास धरत नसत, विळ्याला हात लावत नसत, हंगामात कुणी विनोद केला तर टाळी डाव्या हाताने देत. त्यांच्या बायको भागाबाई मला एकदा म्हणाल्या, "लग्नात यायनं माहा हात नुसता दोन बोटाइनं धरला होता. म्या म्हटलं, लाजून राह्यले. लाजते कायचे! नमी पाहून राह्यले होते."

"किती निघाली?" मी विचारलं.

"अजून सांगतली नाई," भागाबाई म्हणाल्या.

दोन हंगामांपूर्वी अडतीवर मशीन आली. टॉर्चएवढी, पुढे टोकदार सळई. कापसात खुपसली की तीन सेकंदांत आकडा. ती डोळे मिटत नाही, बाही वर करत नाही, मधेच तंबाखू मळायला थांबत नाही. पहिला आठवडा लोकांनी दोघांनाही विचारलं. मशीन म्हणाली अकरा पूर्णांक आठ, दादाजी म्हणाले बारा. मशीन म्हणाली तेरा पूर्णांक नऊ, दादाजी म्हणाले चौदा. हात दर वेळी बरोबर निघाला. मला वाटलं, आता मशीन परत जाणार. पण झालं उलटंच. लोकांना खात्री पटली की मशीन दादाजींइतकी चांगली आहे, आणि ते दादाजींना सोडून मशीनकडे गेले. शेठने त्यांना काढलं नाही. त्याने पंख्याखाली खुर्ची दिली. दादाजी महिनाभर त्या खुर्चीत बसले, कुणी काही विचारलं नाही, आणि एके दुपारी आपला डबा उचलून ते घरी गेले.

मग त्या हाताची भूक घरात सुरू झाली. दादाजी ज्वारीच्या पिठात हात घालून आकडा सांगत. पापडांना सांगत, दोरीवरच्या लुगड्यांना सांगत, शेजारणीच्या शेवयांना न विचारता सांगत. एकदा नातवाच्या दुपट्याला हात लावून 'शंभर' म्हणाले. पण ते कुणीही सांगितलं असतं.

म्हणून डिसेंबरात मी सायकल सफरीला निघतो आहे हे कळल्यावर भागाबाई स्वतः माझ्या घरी आल्या.

"भाऊ, यायले घेऊन जा."

"भागाबाई, दोन दिवस सायकल चालवायची आहे. सातनाल्याच्या तलावाला वळसा आहे. दादाजी एकसष्ट वर्षांचे आहेत."

"मंग एकसष्ट वर्षाचे घेऊन जा. दोन दिवस माह्या घरातल्या वस्तू काय ओल्या-कोरड्या असान त्या असू द्या."

सफर काढली होती तेजस्विनीने. ती शाळेत खेळ शिकवते, आणि जगातला प्रत्येक माणूस शिट्टी वाजवल्यावर पळू शकतो असा तिचा विश्वास आहे. पहिल्या दिवशी आदिलाबादहून निघून तलावाच्या काठाने पलीकडच्या सावरगावला जायचं, शाळेत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी उरलेल्या काठाने परत. चौदा नावं होती. आदल्या रात्री ढग आले आणि दहा जणांच्या घरी एकाच वेळी पाहुणे आले. सकाळी सहाला उरलो आम्ही चौघं: तेजस्विनी, बँकेतला वैभव, मी, आणि दादाजी.

दादाजींची सायकल बघून मला पहिला धक्का बसला. काळी, दांडीची, मागे पोतं बांधायचा कॅरिअर. घंटी नव्हती, मडगार्ड अर्धं होतं आणि हँडलच्या दोन्ही मुठींचं रबर केव्हाच गळून नुसतं लोखंड राहिलं होतं. तेजस्विनीने ते पाहिलं आणि आपल्या पिशवीतून जास्तीचे हातमोजे काढले.

"काका, हे घाला. पुढे रस्ता फार खराब आहे."

दादाजींनी मोज्यांकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना बांगड्या भरायला दिल्या.

"बाई, हातावर पिशवी घालून कापूस पाह्यते काय कोनी?"

"आपण कापूस बघायला नाही चाललो काका."

"तुमी नसान चालले," दादाजी म्हणाले आणि टांग टाकून निघालेसुद्धा.

वैभवने निघता निघता मोबाईल बघितला. हवामानावर त्याचा मोबाईल म्हणजे शेवटचा शब्द. "दिवसभर स्वच्छ ऊन," तो म्हणाला. "पावसाची शक्यता शून्य." शून्य म्हणेपर्यंत मोबाईलच्या काचेवर पहिला थेंब पडला. आम्ही एका टपरीखाली घुसलो. दादाजींनी खिशातून कापसाचं एक बोंड काढलं, त्याचा पुंजका चिमटीत धरून बाहेर हवेत फिरवला आणि बोटांवर मळला.

"धा मिनिटं," ते म्हणाले.

नवव्या मिनिटाला पाऊस थांबला. वैभवने घड्याळाकडे पाहिलं, मग दादाजींकडे, मग मोबाईलकडे, आणि जेवताना भलतंच काही बोललेल्या पाहुण्याला हळूच आत न्यावं तसा त्याने तो खिशात टाकला.

"काका, हे कसं काय?"

"कापूस हवा पेते बावा. हवा दाट झाली का हा फुगते, पातळ झाली का खरखरते. तुमच्या काचेले काय समजते?"

आणि मग त्या सकाळी हवेनेही दादाजींच्या बाजूने साक्ष द्यायची असं ठरवलं. ऊन पडलं, ते म्हणाले टिकत नाही; टिकलं नाही. ढग आला, ते म्हणाले नुसता तमाशा आहे. तो न बरसता गेला. दहा वाजेपर्यंत दादाजींचा हात तीन, मोबाईल शून्य. वैभव त्यांना आता काका सोडून 'सर' म्हणू लागला. दादाजींच्या चेहऱ्यावर मी दोन वर्षांत न पाहिलेली चकाकी आली. ते सगळ्यांच्या पुढे चालवत होते. एकसष्ट वर्षांचा धोतरवाला पुढे आणि आम्ही विजारीवाले मागे धापा टाकत, हे दृश्य बघून एका शेतातल्या बायका निंदण सोडून बांधावर येऊन हसल्या.

मग तो खराब रस्ता लागला. कालव्याच्या कडेने गेलेला, डांबर उडालेला, खडीचे दात वर काढून बसलेला. माझं पोट हलत होतं, चष्मा हलत होता, विचार हलत होते. दादाजी पुढून काही बोलले की एका शब्दाचे तीन तुकडे होऊन माझ्यापर्यंत येत. तास-दीड तास हे चाललं. मधे दोनदा त्यांनी सायकल थांबवली आणि उजवा हात जोरजोरात झटकला. एकदा काखेत दाबून धरला.

"काय दादाजी, हाताला झोप आली का?" मी ओरडलो.

"पानी झटकून राह्यलो!" ते ओरडले.

मला ते पटलं. माझ्याकडून मी फक्त विनोद केला होता.

पाळीवर, म्हणजे धरणाच्या मातीच्या बांधावर चढलो आणि तलाव समोर आला. इतकं पाणी एकदम दिसलं की माणूस आधी गप्पच होतो. वर आभाळ तीन प्रकारचं होतं, म्हणून पाणीही तीन प्रकारचं झालं होतं: आमच्या पायाशी निळं, मध्ये शिशासारखं, पलीकडे डोंगराखाली जवळजवळ काळं. आमच्या बाजूला मात्र लख्ख ऊन पडलं होतं. तेजस्विनीने चौघांचा सेल्फी काढला. फोटोत तिघं हसताहेत आणि दादाजी आपल्या उजव्या हाताकडे बघताहेत.

सावरगाव पाळीला लागूनच आहे. पहिल्याच घरासमोर एक तिशीचा माणूस उभा होता, तो आमच्याकडे न बघता नुसता आभाळाकडे बघत होता. त्याने मान खाली केली, त्याला दादाजी दिसले, आणि तो असा धावत आला की मला वाटलं आमची सायकल त्याच्या कोंबडीवरून गेली.

"दादाजी! अहो दादाजी! तुमी इकडं कुठून? अन् सायकलवर!"

हा देवानंद. वीस वर्षं त्याच्या घरचा कापूस राजकुमार शेठच्या अडतीवर जात होता. आधी बाप घेऊन यायचा, मग हा. त्याने रस्त्यातच वाकून पाया पडून घेतलं. दादाजी अवघडून सायकल धरून उभे होते, पण त्यांचा कणा एक बोटभर लांब झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"देवानंच पाठवलं तुमाले," देवानंद म्हणाला. "माहं उद्या सकाळचं टोकन हाय खरेदी केंद्राचं. आज दुपारी चार वाजता टेम्पो येते. अन् कालपासून हे आभाळ असं करून राह्यलं. कापसानं ओल धरली का नाई, समजूनच नाई राह्यलं."

घरात नेऊन त्याने दाखवलं. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. माणसं मागच्या दाराने ये-जा करत होती.

"तिथं नेला अन् ओला निघाला त वापस पाठवते. टोकन जाते. मंग पुढचं कधी भेटते कोनाले माहीत. तुमी हात लावून सांगा, दादाजी. कोरडा असला त तसाच भरतो टेम्पोत. ओला असला त आता ऊन हाय तवर पाळीवर पसरवतो."

देवानंदची आई कौशल्याबाई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "सरकी फोडून पाह्य ना दातानं. काऊन पाहुन्याले कामाले लावतं?"

कापसाची सरकी दातांखाली धरायची. कट् असा आवाज येऊन फुटली तर कापूस कोरडा, दबली तर ओला. खेड्यापाड्यात सगळे असंच बघतात. पण दादाजींच्या लेखी ते म्हणजे वैद्यासमोर बुवाचा अंगारा.

"दातानं त बकरीबी पाह्यते, कौशल्याबाई."

"बकरी खाऊन त जाते," कौशल्याबाई म्हणाली. "नुसता आकडा सांगून नाई जात."

सगळे हसले. देवानंद सगळ्यात जास्त हसला, कारण त्याचा जीव आता भांड्यात पडला होता. दारात शेजारचे पाच-सहा जण जमले. वैभवने मोबाईल व्हिडिओसाठी वर धरला. आता त्याला दुसरं काही काम उरलं नव्हतं. दादाजींनी बाही वर केली. हात कोपरापर्यंत कापसात गेला. डोळे मिटले.

मला तो क्षण आवडला, हे कबूल करतो. दोन वर्षांनी पुन्हा तो हात कापसात होता आणि लोक श्वास रोखून उभे होते. फक्त या वेळी फार वेळ लागला. दादाजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात काढला, बोटं उघडझाप केली आणि पुन्हा घातला. चौतीस वर्षांत त्यांना दुसऱ्यांदा हात घालताना कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माणूस हरवलेली गोष्ट सापडल्यावर जरा जास्त वेळ हातात धरतो, तसं असेल.

"चौदा," ते म्हणाले. मग थांबून, "साडेचौदा. पसरव. तीन तास ऊन खाऊ दे."

"अन् पाऊस?"

दादाजींनी खिशातला पुंजका काढून चोळला. "नाई येत."

एवढं म्हटल्यावर काय! अर्धं गाव लागलं. गाठोडी बांधून कापूस पाळीवर नेला, ताडपत्र्या आणि जुनी लुगडी अंथरून त्यावर पसरला. आम्ही चौघांनीही वाहिला. तासाभरात पाळीवर पांढराशुभ्र लांब पट्टा तयार झाला, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गाव. तेजस्विनीने शिट्टी वाजवून बायकांच्या दोन तुकड्या केल्या तेव्हा कौशल्याबाई म्हणाली, "हे पोरगी आमच्या गावात पायजे होती, पह्यलेच."

मग जेवायला बसलो. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वरण, ठेचा. आणि तिथे मला दुसरा धक्का बसला. दादाजींनी चमचा मागितला. भाकरीसमोर बसून चमचा मागणारा माणूस मी आमच्या भागात पाहिला नव्हता. भाकर त्यांनी तशीच ठेवली आणि नुसतं वरण चमच्याने प्यायले. चमचा डाव्या हातात होता.

"भाकर नाई घेत?" कौशल्याबाईने विचारलं.

"भूक नाई," दादाजी म्हणाले. सकाळी सहापासून सायकल चालवलेला माणूस.

दोन वाजले असतील. मी हात धुवायला बाहेर आलो आणि पलीकडच्या काठाकडे पाहिलं. पलीकडचा काठ नव्हता. डोंगर नव्हता. तलावाच्या मधोमध एक पांढरी भिंत उभी होती आणि ती चालत होती. तिच्या पायाशी पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. माझ्या डोक्यावर तेव्हासुद्धा लख्ख ऊन होतं, त्यामुळे मी दोन-चार क्षण मूर्खासारखा बघतच राहिलो. मग ओरडलो.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत मी जितका पळालो तितका आयुष्यात कधी पळालो नाही. सगळं गाव पाळीवर. लुगड्यांची टोकं धरून कापूस गोळा करायचा, बांधायचा, पळायचं. तेजस्विनीने असू द्यावेत म्हणून सायकलींवर बांधून आणलेले दोन तंबू कापसावर झाकले. सफरीचं फ्लेक्स घातलं. वैभवने आपला नवाकोरा रेनकोट काढून कापसावर टाकला आणि स्वतः भिजत उभा राहिला. त्या क्षणापासून मला तो आवडतो. दादाजी गाठोडं उचलत होते आणि ते त्यांच्या हातातून पडत होतं. पुन्हा उचलत होते, पुन्हा पडत होतं. उजव्या हाताची बोटं गाठीवर मिटतच नव्हती. शेवटी त्यांनी गाठोडं लहान मुलासारखं दोन्ही दंडांत कवटाळलं आणि पळाले. तेवढ्यात ती भिंत आमच्यावर आली.

पाऊस पंधरा मिनिटं पडला. मग थांबला आणि असं काही ऊन पडलं की जणू मधल्या वेळेशी त्याचा काही संबंधच नव्हता. निम्मा कापूस आत पोचला होता. निम्मा पाळीवर लगद्यासारखा पडला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं.

कौशल्याबाई आत गेली. खोलीच्या कोपऱ्यात तळाचा टोपलीभर कापूस तसाच राहिला होता, पाळीवर न गेलेला, पावसात न भिजलेला. तिने त्यातून एक सरकी काढली आणि दातांखाली धरली.

कट्.

तो आवाज ओसरीवरच्या प्रत्येकाने ऐकला. तिने दुसरी घेतली. कट्. तिसरी तिने देवानंदला दिली. त्याने फोडली आणि तो हळूच दादाजींकडे वळला.

"हा त कोरडा हाय, दादाजी. कोरडाच होता."

दादाजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. मला वाटलं ते सरकी मागताहेत.

"देवानंद, या हाताले काही लागूनच नाई राह्यलं," ते म्हणाले. "अकरा वाजल्यापासून. त्या खडीच्या रस्त्यावर मुंग्या आल्या अन् मंग बोटंच गेली. कापसात घातला तवा मले कापूसबी लागला नाई."

मी पुढे होऊन त्यांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिमटा काढला. जोरात काढला. ते माझ्याकडे बघत राहिले, मी कधी सुरू करतो याची वाट बघत. एवढं बोलून, एवढं हसून, मी या माणसाला सकाळी विचारलं होतं की हाताला झोप आली का, आणि मिळालेलं उत्तर तसंच खरं मानून पुढे गेलो होतो.

"मंग काऊन सांगतलं?" देवानंदने विचारलं. "माहीत नाई म्हनायचं ना! म्या काय केलं असतं? दातानं पाह्यलं असतं."

"दोन वर्सांनी कोनी इचारलं होतं," दादाजी म्हणाले.

"वाटलं, ओला म्हनू," ते पुढे म्हणाले. "ओला म्हटलं त वाळवशीन, त्यात काय जाते? कोरडा म्हटलं असतं अन् तिकडं मशीननं ओला सांगतला असता, त लोक म्हनले असते दादाजीचा हात गेला."

"आता काय म्हनतीन?" शेजाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

कौशल्याबाईने तोंडातली टरफलं अंगणात थुंकली. "हात झोपला होता," ती म्हणाली, "मंग तोंड काऊन जागं होतं?"

मी आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातून हसू काढत आलो आहे, पण त्या ओसरीवर मी नुसता भिजलेला चष्मा पुसत बसलो. सकाळी तीन वेळा बरोबर आलेला माणूस, ज्याच्या मागे आम्ही वरातीसारखे चाललो होतो. आम्हीच त्याला चढवलं होतं. वैभवने व्हिडिओ काढला होता. त्याने मोबाईल उघडला, तो व्हिडिओ पुसून टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

देवानंदने टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नको सांगितलं. मग तो आत वळून म्हणाला, "माय, चाय ठेव सगळ्याइचा." एवढंच. तो ओरडला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही भिजलेला कापूस मूठ-मूठ पिळून ओसरीवर, मांडवावर, खाटांवर, शाळेच्या बाकांवर पसरला. दादाजी डाव्या हाताने करत होते. कौशल्याबाईने त्यांच्यासमोर एक सूप ठेवलं: कुठला पुंजका कोरडा, कुठला दमट, तो वेगळा करायला. त्यांनी एक सरकी काढली, मान खाली घातली आणि दातांखाली धरली. अंधार पडेपर्यंत त्यांनी एकेक सरकी तशी पाहिली. दोनदा दात दुखला म्हणून त्यांना थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सफर पुढे गेली नाही. दादाजी आणि मी एसटीने परत आलो. त्यांची सायकल वैभवने मागून जीपमध्ये आणली. डॉक्टर म्हणाले, हँडलच्या दाबाने नस दबली आहे, स्पर्श येईल परत. तीन आठवड्यांत बोटं पूर्ण बरी झाली. देवानंदला पुढचं टोकन अकरा दिवसांनी मिळालं आणि त्याचा कापूस पिवळट पडल्यामुळे खालच्या प्रतीत गेला.

दादाजी सध्या मार्केटच्या गेटजवळ जावयाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर काढून देतात; कागद दमट लागला तरी आकडा सांगत नाहीत.